हाकेवर लावलेला डाव

मेंढ्यांची ती केस मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. त्या दिवशी मला अक्कल शिकवली ती एका चोरानं.

पडेगावच्या माळावरून एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा अख्खा कळप टेम्पोत घालून नेला होता. म्हातारा ठाण्याच्या पायरीवरून हलेना. "साहेब, मेंढ्या सोडून आमच्याजवळ दुसरं काहीच नाय." सकाळच्या बाजारात कळप विकून फुटला, की संपलं.

खबऱ्यानं शेंद्र्याकडच्या एका टेम्पोवाल्याचं नाव दिलं. दिवसभर मोबाईलवर पोकर खेळणारा. चौकशीला आणला. आमच्या हातात पुरावा काय, तर टेम्पोतल्या लेंड्या.

"चाचा, लेंड्या तर लग्नाच्या बोकडाच्या बी असतील," तो हसून म्हणाला.

मारलं की माणूस खोटं जास्त बोलतो, हा माझा अनुभव. मी चहा मागवला आणि पोकरचं विचारलं. गडी खुलला.

"टुर्नामेंटमधी नुसतं बसून राहिलं तरी चिप्स, म्हंजी डावातला पैसा, झिजतात, चाचा; दर फेरीला थोड्या भराव्याच लागतात. थोड्या उरल्या की वाट नाय बघायची. समोरचा भ्यावा इतक्या आहेत तवरच सगळ्या पुढं सारायच्या. ऑल-इन. पण आपण आधी सारायच्या. तो भ्याला तर पत्ते टाकून डाव सोडतो, नाय भ्याला तरी आपले पत्ते भारी निघू शकतात. दोन रस्ते. त्यानं सारल्यावर आपण मागनं गेलो तर एकच, पत्ते भारी निघायचा."

माझ्याही चिप्स झिजतच होत्या. दिवस मावळायला आला होता. कप खाली ठेवला, डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि म्हाताऱ्याला जीपमध्ये टेम्पोवाल्याशेजारी बसवलं.

"कुठं निघालो, चाचा?"

"तुझ्या गावाकडं. बाबा हाक मारणार. त्याच्या हाकेला मेंढ्या ओ देतात. तू बस गप."

मेंढ्यांनी ओ दिली नसती तर आमचे हात रिकामे आहेत हे त्याला कळलं असतं. मग तो सुटला असता आणि कळपही गेला असता. हे मला ठाऊक होतं, जीपच्या ड्रायव्हरलाही ठाऊक होतं.

शेंद्र्याच्या अलीकडं, पत्र्याच्या शेडांच्या रांगेपाशी जीप थांबवली; अख्खा कळप लपेल अशी त्या बाजूला तेवढीच जागा. म्हातारा उतरला, पटका नीट केला, छातीत हवा भरली.

"थांब बाबा!" टेम्पोवाला ओरडला. "निळ्या दाराच्या शेडमधी हायत. किल्ली माझ्या खिशात हाय."

त्यानं पत्ते टाकले होते. आता आमचे दाखवायची गरज नव्हती. पण म्हातारा थोडाच ऐकतो! "हुर्रर्र... येऽऽ येऽऽ!" अशी हाक घातली, आणि निळ्या दारामागं सगळा कळप एकदम बोंबलायला लागला. कुलूप काढायच्या आधीच पत्रे हादरत होते. पंच पंचनामा विसरून टाळ्या वाजवायला लागले. टेम्पोवाला माझ्याकडं वळला.

"चाचा, मेंढ्यांनी खरंच ओ दिली की हो!"

"मग? तूच शिकवलंस ना, दोन रस्ते पाहिजेत."

तेव्हापासून एक पाळलं. नुसत्या थापेवर आरोपीला कधी दाबलं नाही. तो नाही भ्याला तरी उभं राहायला काहीतरी हातात ठेवायचं, आणि ते झिजायच्या आत पुढं सारायचं.

घरी बायकोला सांगितलं तर म्हणाली, "लेंड्यांवर केस जिंकलात व्हय?" आणि पदर तोंडाला लावून लई हसली. ती जाऊन दोन वर्षं झाली. घरात आता तसं हसणारं कोणी नाय. पण तो दिवस, तिच्या त्या हसण्यासकट, मी जिंकलेला आहे, आणि तो माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाय.