दुसऱ्यांदा आलेला ताप

माझी धाकटी जाऊ गेली तेव्हा एकतीस वर्षांची होती. ती डेंग्यूनं गेली असं आम्ही सगळ्यांना सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण ती कशी गेली हे मला जेवढं माहीत आहे, तेवढं बाहेर कुणालाच माहीत नाही.

आमचं घर मखमलाबादच्या पुढे, मळ्यातच. सासरे आणि धाकटे दीर फुलं करतात, झेंडू आणि शेवंती. माझे यजमान ओझरला कारखान्यात जातात आणि मी शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचं, तपासण्याचं काम करते. जाऊ दिंडोरीकडच्या खेड्यातली, दहावी झालेली. तिला एक मुलगी, तेव्हा सहा-सात वर्षांची. मला मूल नाही. सकाळी मी डबा घेऊन बाहेर पडले की माझ्या वाटणीचं घरकामही तीच उरकायची, आणि वर मळ्यात जायची. तोडणीला तिच्याइतका हात कुणाचा चालत नसे. दुखण्याखुपण्यात मात्र माझं म्हणणं शेवटचं असे. सासऱ्यांची शुगर, सासूबाईंचा थायरॉइड, कुणाला कधी डॉक्टरकडे न्यायचं, हे सगळं मी ठरवायचे. मला ते आवडायचं.

पहिल्या वेळी तिला ताप आला तो घटस्थापनेच्या सुमाराला. डोळ्यांच्या मागे ठणकतंय, हाडं मोडल्यासारखी झालीत, असं म्हणत होती. मी घरीच तिचं रक्त घेतलं आणि लॅबमध्ये लावलं. डेंग्यू निघाला. प्लेटलेट्स थोड्या उतरल्या, पुन्हा चढल्या. आठ दिवसांत ती उठून बसली, पण दसऱ्याची तोडणी तिच्याविना झाली. मला चार दिवस रजा टाकून सरीत वाकावं लागलं. पाठ धरली, नखं काळी पडली. संध्याकाळी घरात यावं तर ती पलंगावर बसून सासूबाईंच्या हातची पेज पीत असायची. माझ्यासाठी सासूबाईंनी कधी पेज केली नव्हती. ते माझ्या मनात राहिलं.

बरी होताना ती दारात बसून हार ओवायची. एकदा तिनं विचारलं, औषध तर तुम्ही नुसतं तापाचं दिलंत, मग डेंग्यू मारला कुणी? प्रश्न चांगला होता, म्हणून मी तिच्याजवळ बसले. तुझ्या अंगानंच मारला, मी सांगितलं. जन्मापासून अंगात एक पहारा असतो. त्याला ओळखपाळख लागत नाही, परकं काही शिरलं की तो लगेच तुटून पडतो. तुझा ताप, तुझा ठणका, हे बरंचसं त्या झटापटीचं. तेवढ्यानं भागलं नाही तर दुसऱ्या पेशी कामाला लागतात. त्यांना वेळ लागतो, चांगले काही दिवस. पण आलेला विषाणू नेमका कसा आहे ते त्या शिकून घेतात आणि फक्त त्यालाच धरतील अशा अँटिबॉडी तयार होतात. तो संपला तरी त्यातल्या काही पेशी त्याची आठवण घेऊन मागे राहतात. पुन्हा तोच आला तर अंगाला नव्यानं शिकावं लागत नाही.

तिनं सुईत दोरा घातला आणि विचारलं, "आन् त्याचा भाऊ आला तर?"

मी हसले. म्हटलं, आता तुला डेंग्यू होत नाही, निर्धास्त राहा.

डेंग्यूचे चार प्रकार असतात, हे मी परीक्षेच्या पेपरात लिहिलेलं होतं. त्या वेळी ते आठवलं नाही, असं पुढे मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. आठवलं होतं. हिला एवढं कशाला सांगत बसायचं, असं वाटलं.

पुढच्या वर्षी तोडणी चार दिवसांवर आली आणि तिला पुन्हा ताप भरला. सासूबाईंनी मला विचारलं, मागच्यासारखा तर नाही ना? मी म्हटलं, तो एकदा झाला की होत नाही, व्हायरल आहे. गोळ्या काढून दिल्या. तिसऱ्या दिवशी मी कामाला निघाले तर ती भिंतीला धरत दारापर्यंत आली आणि बाही वर करून हात पुढे केला.

"ताई, एकदा रक्त काढून बघा ना. मागच्यावानीच हाय. लय दुखतंय."

माझ्या पर्समध्ये सिरिंज होती, ट्यूबही होत्या. दोन मिनिटांचं काम होतं.

"लॅब काय माझ्या बापाची आहे?" मी म्हणाले. "आणि तुला दरवर्षी दसऱ्यालाच बरं दुखतं गं."

तिनं हात मागे घेतला आणि बाही खाली केली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकलं. मागच्या वर्षी तिच्या उशाशी बसणाऱ्या सासूबाई, पण तोडणीला हात कमी पडणार होते, म्हणून त्याही खाली मान घालून निवडत राहिल्या.

पाचव्या दिवशी सकाळी मी तिच्या कपाळावर हात ठेवला. ताप उतरला होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, झालं, उतरला, आता ऊठ. तिचे तळहात गार आणि ओलसर होते, ते मला कळलं. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जास्त जपायचं असतं, हे रिपोर्ट न्यायला येणाऱ्या लोकांना मी लॅबच्या काउंटरवरून स्वतः सांगते. पण हिला डेंग्यू नाही असं मी एकदा सांगून बसले होते.

ती उठली. बरं नाय वाटत एवढंच म्हणाली, आणि डोक्याला फडकं बांधून आमच्याबरोबर मळ्यात आली. मी रजा घेतली होती, तिच्या शेजारच्या सरीत होते. दोन कॅरेट भरेपर्यंत तिचा हात चालला. मग ती पोट धरून खाली बसली आणि तिथंच तिला उलटी झाली. सासूबाई म्हणाल्या, रिकाम्या पोटी चहा घेतला असेल. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, एवढी सरी संपव आणि मग जा घरी. तिनं सरी संपवली. शेवटची फुलं तर ती बसूनच, पुढे सरकत सरकत तोडत होती. त्यानंतर तिला उभं राहता येईना. ओठ पांढरे पडले होते.

दिरांनी पिकअप आणली. मागे माल भरलेला होता, पुढे ती आमच्या दोघांच्या मधे बसली. फुलबाजाराच्या वळणावर दिरांनी गाडी हळू केली आणि मला विचारलं, वहिनी, आधी दवाखाना की आधी माल उतरवू, व्यापारी थांबलेत. बायको त्यांची होती, पण आजाराचं ते मलाच विचारणार.

मी म्हटलं, उतरवून घ्या, वाटेवरच तर आहे.

ती डोळे न उघडता म्हणाली, "चालंल."

त्यात पाऊण तास गेला. एकेक कॅरेट उतरत होतं आणि मी गाडीत बसून तिला घोटघोट पाणी पाजत होते. तिची नखं निळसर होताना मी पाहिली. तेव्हा मला सगळं कळलं, आणि तरीही मी दिरांना हाक मारली नाही. हाक मारली असती तर का मारली हे सांगावं लागलं असतं.

दवाखान्यात तिचं बीपी लागेना. नर्सला शीर मिळेना. लॅबमध्ये अवघड शिरांसाठी मला बोलावतात, म्हणून मीही तिच्या हातावरून बोट फिरवून पाहिलं. काही लागलं नाही. शेवटी डॉक्टरांनी मानेतून नळी घातली. त्यांनी विचारलं, आधी कधी डेंग्यू झाला होता का? मी म्हटलं, मागच्या वर्षी. ते म्हणाले, मग हा दुसऱ्या प्रकारचा असणार. पहिल्या वेळच्या अँटिबॉडी याला चिकटतात, पण याला मारत नाहीत. उलट त्यांच्याच आधारानं हा पेशींत जास्त शिरतो. मग शरीर एवढं चवताळून उठतं की रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं. पहिल्या आजारानं जे शिकवलं तेच उलटतं. मग ते म्हणाले, "काल आणली असती तर सलाइनवर निभावलं असतं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

मी म्हटलं, नाही. मी कुठं काम करते ते मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. सूज येऊन तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. मुलीला आम्ही तो दाखवला नाही. म्हणून मग कितीतरी दिवस ती पोर, आई दिंडोरीला गेली आहे असंच धरून बसली होती.

तेराव्यानंतर दीर माझ्याकडे आले. दाढी वाढलेली, तोंड सुकलेलं. त्यांनी विचारलं, "वहिनी, आपल्याकडून उशीर नाही ना झाला?"

"नाही," मी म्हटलं. "हा आजारच असा आहे. कुणाच्या हातात नव्हतं."

ते माझ्या पाया पडले. तुम्ही होतात म्हणून एवढं तरी करता आलं, म्हणाले. मी पाय मागे घेतले नाहीत.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत वळल्या. त्या कधीच काही बोलणार नाहीत हे मला तेव्हाच समजलं. बोलल्या तर त्यांनाही तांदळातून मान वर का केली नाही ते सांगावं लागेल. आम्ही दोघी रोज एकमेकींना वाढतो, एकमेकींची औषधं आणतो. मुलीची वेणी आता मी घालते. गेल्या महिन्यात शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावाच्या रकान्यात तिनं माझं नाव लिहून आणलं. दिरांनी ते मला वाचून दाखवलं आणि डोळे पुसले. मी पेन घेतलं आणि खाली सही केली.