फिल्मवर मांडलेला तांदूळ

आमच्या सावली गावात एमआरआयला सगळे फोटोच म्हणतात. पोरगी सहा वर्षांची असताना तिच्या डोक्यात, डोळ्याच्या नसेजवळ गाठ निघाली. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "सावकाश वाढणारी आहे. चाकू लावला तर नजर जाऊ शकते. दर सहा महिन्यांनी फोटो काढू. वाढली, तरच पुढचं बघू." धान वाढावं म्हणून देव पाण्यात ठेवणारा मी, आता एक वस्तू वाढू नये म्हणून ठेवायला लागलो.

दुसरा फोटो वेगळ्या सेंटरवर काढला. तो हाती आला तेव्हा डॉक्टरांची तारीख आठ दिवसांवर होती. एवढा धीर कुठला! धानवाल्या माणसाच्या हाताशी मोजायला काय, तर तांदूळ. दोन्ही फिल्मा खिडकीला धरल्या आणि गाठीवर ओला दाणा चिकटवून पाहिला. पहिल्या फोटोत गाठ दाण्याखाली झाकली गेली, दुसऱ्यात चहूकडून बाहेर आली. बायकोनं दाणा उचलून पुन्हा लावून पाहिला.

"पोरीची नजर जाते का जी आता?"

ते आठ दिवस मी पोरीला दिसेल ते दाखवत फिरलो. तलाव, बगळे, शेजाऱ्याची नवी म्हैस. "काऊन दाखवून राह्यले बाबा? मले माहीत हाय ना हे!" ती वैतागून म्हणायची.

डॉक्टरांपुढे तांदळाची गोष्ट सांगितली तर ते हसतच सुटले. "भाऊ, या सेंटरनं फोटोच मोठा छापलाय. डोकं बघा, तेही मोठं दिसतंय की नाही?" कडेला सेंटिमीटरची बारीक पट्टी होती, तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. गाठ होती तेवढीच होती. "पण पहिला फोटो दर वेळी आणा. हळू वाढणारी गाठ मागच्याच फोटोशी ताडून पाहिली तर फरक लक्षात येत नाही." बाहेर येऊन आम्ही तिघांनी तर्रीपोहे खाल्ले. मला लाजही वाटत होती आणि आनंदही मावत नव्हता.

मग ती रीतच पडली. सकाळची एसटी, नागभीडला चहा, मशीनची ठकठक, परतताना पोहे. त्या एसटीला मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या.

आता पोरगी नागपुरातच कॉलेजात शिकते. फोटो मोबाईलवर येतात, ताडून बघणं संगणकावर होतं. परवा तिचा फोन आला. "बाबा, वाढली नाई म्हणते डॉक्टर. आता दोन वर्षांनी या म्हणते."

बायको रडली, मीही रडलो. आणि सांगायला लाज वाटते, पण त्यात थोडं वाईटही वाटलं. आमचे ते दिवस संपले होते. मी म्हणालो, "चला, सुटलो. आता तुले माझी गरज नाई."

ती म्हणाली, "दोन वर्षांनी तुम्ही याच, बाबा. त्या मशीनमधी मले पयल्यापासून लय भेव वाटते."

माझी पोरगी कशालाच भीत नाही, असं मी इतकी वर्षं गावभर सांगत आलो होतो.