कप्तानाच्या पाटीवरचा मजकूर

शाळेला गावच्या कप्तानाचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा दगडी पाटीचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तिथं मराठी शिकवायची आणि सातवीत तो माझ्या वर्गात होता. सीमेवर तो मारला गेला, नंतर त्याला शौर्यपदक जाहीर झालं. मी बसल्या बैठकीत लिहून टाकलं: 'स्व. शहीद जवान', पुढे त्याचं नाव, कंसात 'मरणोत्तर', आणि खाली सर्वोच्च बलिदानाची एक ओळ.

कागद त्याच्या आईला दाखवायला गेले. ती अंगणात तूर पाखडत होती. चष्मा लावून तिनं दोनदा वाचलं.

"बाई, स्वर्गवासी कायले लिवलं? आमी बौद्ध. आमच्यात स्वर्ग मानत नाहीत."

इतकी वर्षं मी त्या घरी जात होते आणि एवढं सुचलं नव्हतं. मी 'स्व.' खोडलं. मग तिचं बोट 'शहीद जवान'वर आलं. जवान म्हणजे कमी, असं ती म्हणाली नाही. पण कप्तानकी त्यानं अधिकारी व्हायच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन मिळवली होती. शेवटी बोट कंसावर थांबलं.

"मरणोत्तर नावाले नका चिकटवू. पदक मेल्यावर भेटलं. कप्तान त तो जित्ता असतानीच झाला."

तिनं पलटणीतून आलेलं पत्र आणून दिलं. एका जखमी शिपायाला पाठीवर घेऊन तो आला होता आणि दुसऱ्याला आणायला परत गेला होता. बलिदानाची ओळ खोडून मी तेवढंच लिहिलं. 'शहीद जवान'च्या जागी 'कप्तान', मग नाव, मग 'शौर्यपदक (मरणोत्तर)'.

शाळेच्या समितीला हे पटेना. नामकरणाचा कार्यक्रम चार दिवसांवर आला होता, आणि 'शहीद' नसेल तर लोकांना कळणार कसं, असं सरपंच म्हणाले. मी बैठकीत सहसा बोलत नसे. त्या दिवशी म्हटलं, त्याच्या आईची संमतीची सही याच मजकुरावर मिळेल, दुसऱ्या नाही. तोच कागद घेऊन दुपारच्या जीपनं शेलूबाजारला पाथरवटाकडे गेले. एवढा मजकूर बसवायचा तर अक्षर बारीक होईल, असं तो म्हणाला. मी म्हटलं, होऊ द्या. दगडावर पेन्सिलीनं आखणी पुरी होईपर्यंत त्याच्याजवळून हलले नाही.

कार्यक्रमात पाहुण्यांनी भाषणाची सुरुवात 'आपले शहीद जवान' अशीच केली. पहिल्या रांगेतून त्याची आई उठली.

"कप्तान," ती म्हणाली, आणि उभीच राहिली.

पाहुणे थांबले, पाटीकडे वळून त्यांनी ती नीट वाचली, 'कप्तान' म्हणाले, आणि मगच ती खाली बसली.