उरणकरीण आणि दारावरचा चार्ट

लोककथांचा अभ्यास करणाऱ्याला कथा गोळा कराव्या लागतात. खांद्याला पिशवी लावून गावोगाव जावे, कुणाच्या तरी ओट्यावर बसून चहाचे पाच कप रिचवावेत, तेव्हा कुठे एखादी हाती लागते. मांजरांच्या घरात मात्र हे कष्ट नाहीत. तिथे किस्से लोकरीच्या शालीवरच्या केसांसारखे असतात. कधी चिकटले ते आपल्याला कळत नाही, आणि चारचौघांत गेल्यावर ते आधी दुसऱ्यांना दिसतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या पनवेलच्या घरात महिनाभरात असे इतके जमले, की हल्ली मैत्रिणी मला संशोधनाबद्दल विचारतच नाहीत. भेटल्यावर पहिला प्रश्न एकच: "तो चार्ट आणलास का?"

चार्ट माझ्या धाकट्या बहिणीचा, मालूचा. मालू चाळीस वर्षे परिचारिका होती आणि मेट्रन म्हणून निवृत्त झाली. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणते. रागावले की मीही म्हणते. निवृत्तीनंतर दोन वर्षे तिच्या हाताला पेशंट नव्हता आणि माझ्या सर्दीवर तिचे भागत नव्हते. घरात आमच्याखेरीज दोन मांजरे होती. आक्का चौदा वर्षांची, करडी, आणि निःसंशय माझी. बाळू चार वर्षांचा, पिवळा-पांढरा, आणि ज्याच्या हातात ताटली असेल त्याचा.

०

साबिहाचे जुन्या बाजारात प्लास्टिकच्या सामानाचे दुकान आहे, पण तिचा खरा व्यवसाय पनवेलमधली जखमी मांजरे उचलून आणणे हा आहे. एका सकाळी ती जाळीच्या दाराची बास्केट घेऊन आमच्या दारात उभी राहिली. आत एक काळी-पांढरी मांजरी होती. उरणहून मासळी घेऊन येणाऱ्या टेम्पोत, बर्फाच्या पेट्यांमागे बसून ती पनवेलला आली होती. डावा डोळा गेलेला होता, उजव्यात दिवसातून तीनदा औषध घालायचे होते.

"सिस्टर, एक डोळा गेलाय हिचा," साबिहा म्हणाली, "पण तेवर बघा."

तिच्या घरी आधीच सात मांजरे होती आणि आठवे आले तर आपण निघून जाऊ, असे तिच्या दादीने जाहीर केले होते. दुसरी सोय एकच होती. शिरढोणकडे एका शेतघराच्या राखणदाराला उंदरांसाठी मांजर हवे होते. तिथे दोन कुत्रे होते, आणि रात्री मांजर बाहेरच राहणार होते.

मालूने त्या उरलेल्या डोळ्यात वाकून पाहिले. "तिथे औषध कोण घालणार?" एवढेच ती म्हणाली. पण तिचे हात बास्केटच्या कडीवर गेले होते.

मी एक अट घातली. महिनाभर मांजरी राहील. मात्र या काळात आक्काने सलग दोन दिवस अन्न सोडले, तर शिरढोण. चौदा वर्षांच्या जिवाला या वयात घर परके वाटू नये, एवढेच माझे म्हणणे होते. मालूने अट मान्य केली आणि लगेच कागद मागितला.

पनवेलमध्ये नवे माणूस आले की त्याचे गाव आधी कळते आणि नाव मागाहून. त्या न्यायाने पाहुणीचे नाव पडले उरणकरीण.

०

तासाभरात माझी अभ्यासिका आयसोलेशन वॉर्ड झाली. माझे चाळीस वर्षांचे टिपणसंग्रह कपाटासकट व्हरांड्यात आले. दाराला मच्छरांच्या जाळीचे दुसरे दार लागले आणि त्यावर चार्ट लटकला. तिन्ही मांजरांसाठी रकाने होते: खाणे, पाणी, शौच, फुत्कार. फुत्कार मोजून लिहायचे. तळाला दोन सह्यांच्या जागा होत्या, एक ड्यूटीवरच्या व्यक्तीची आणि दुसरी साक्षीदाराची.

साक्षीदार अर्थात मी. मी सांगून टाकले की मांजराच्या शौचावर मी सही करणार नाही. "हरकत नाही," मालू म्हणाली, "जागा रिकामी राहू दे. असायला हवी." आणि पुढे रोज ती ती जागा आखत राहिली.

०

साबिहाने जाताना एक युक्ती सांगितली होती. एक फडके उरणकरणीच्या गालांवरून फिरवायचे आणि घरच्या मांजरांच्या ताटलीशेजारी ठेवायचे. वास ओळखीचा झाला की मांजर ओळखीचे होते. माणूस येण्याआधी त्याचे वस्त्र घरात येते, ही कल्पना लोकाचारांच्या अभ्यासकाला अपरिचित नसते. मला ती फारच आवडली.

परिणाम थक्क करणारा होता. आक्का आणि बाळू आठ दिवस त्या फडक्याशेजारी बसून जेवले. फुत्कार शून्य. मालूने चार्टवर लिहिले, 'प्रगती समाधानकारक.'

नवव्या दिवशी साबिहा आली. तिने फडके उचलून स्वतःच्या नाकाशी नेले, आणि उलटे करून पुन्हा हुंगले.

"सिस्टर, हे धुतलंय?"

"म्हणजे काय! रोज. गरम पाण्यात, जंतुनाशक घालून. वर इस्त्री. एका पेशंटचं कापड दुसऱ्या पेशंटला तसंच देऊ?"

साबिहा खुर्चीवर बसली. "सिस्टर, आठ दिवस तुम्ही आक्काची ओळख साबणाशी करून दिलीत."

दुसऱ्या दिवशी न धुतलेले फडके ठेवले गेले. आक्काचे फुत्कार चौदा. मालूने ते लिहिलेच, शिवाय आधीच्या आठ रकान्यांवर लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारून खाली नोंद केली: 'वरील आठ दिवसांची निरीक्षणे ग्राह्य धरू नयेत. चूक माझी.' पुढे सही आणि वेळ. घरातल्या दारावरच्या कागदावर, जो वाचणारी मी एकटीच होते!

विद्वानांच्या वर्तुळात मी आयुष्य काढले. असे वाक्य मला तिथे छापलेले फारसे आढळले नाही.

०

आता माझी पाळी. या भागातल्या काही घरांतून मी एक रीत पूर्वी टिपून घेतली होती. नवे मांजर आणले की त्याला चुलीभोवती तीनदा फिरवायचे, म्हणजे ते घर धरते. चूल हा घराचा मध्य. त्याभोवती फिरवून प्राण्याला त्या मध्याशी जोडायचे, असा त्याचा अर्थ मी एका व्याख्यानात लावून दाखवला होता. अर्थ लावणे सोपे होते. प्रयोगाला अडचण अशी, की आमच्या शेगडीमागे भिंत आहे.

बराच विचार करून मी भरलेला सिलिंडर स्वयंपाकघराच्या मध्यभागी आणला. अग्नीचे मूळ ते तिथेच, हा माझा युक्तिवाद. उरणकरणीला कडेवर घेतले आणि फेऱ्या सुरू केल्या. तिसरी निम्मी झाली असेल, तोच कुकरने शिट्टी दिली.

त्या दिवशीचा चार्ट मी जपून ठेवला आहे. 'उपचार: भरलेल्या सिलिंडरभोवती अडीच फेऱ्या. परिणाम: रुग्णात बदल नाही. नातेवाइकाच्या मनगटावर तीन ओरखडे. टी.टी.चे इंजेक्शन दिले.'

०

बाळूचा प्रश्न मात्र तीन दिवसांत सुटला. संध्याकाळी पाच ते सव्वापाच ही मालूने ठरवलेली भेटीची वेळ. तेवढा वेळ आतले दार उघडायचे आणि मध्ये फक्त जाळी राहायची. बाळू पावणेपाचलाच येऊन बसू लागला.

एका सकाळी मालू केर काढायला अभ्यासिकेत गेली, तर दाराच्या फटीतून आत सरकवलेल्या वस्तू ओळीने पडल्या होत्या. माझ्या पेनाचे टोपण, मालूच्या केसांचे रबर, बाटलीचे झाकण आणि एक झुरळ. झुरळ अजून हालचाल करत होते.

मी तोंड फिरवले. मालू गंभीरपणे म्हणाली, "फळं आणतात ना पेशंटला, तसं."

०

पारूबाई उरणजवळच्या गावातून मासळी घेऊन येते. वीस वर्षे येते, त्यामुळे आमच्या घरातल्या सर्व निर्णयांवर तिला मत आहे. मांदेली निवडता निवडता तिची नजर जाळीवर आणि मग चार्टवर गेली. मालूने तिला सगळी पद्धत सांगितली. फडके, वेळा, फुत्कार.

पारूबाईने शांतपणे ऐकून घेतले. "आमचे बंदरावर नवी मांजर आली का कोन वळक करून देत नाय," ती म्हणाली. "जुनी मांजर बसते न् बगते. चार दिस बगते, आठ दिस बगते. आपुन मदी बोलाचा नाय."

"आणि मग?" मालूने विचारले.

"मंग काय? ती काय करंल ते तिचं तिला ठावं."

पारूबाई गेल्यावर मी ते वाक्य वहीत उतरवले. मालूने चार्टवर लिहिले: 'बाहेरील तज्ज्ञांचे मत घेतले. निरीक्षण चालू ठेवावे.'

०

तिसऱ्या आठवड्यात मला अलिबागला तीन दिवसांसाठी व्याख्यानांना जावे लागले. परतले तेव्हा मालूने दार उघडले आणि मी चपला काढते आहे तोच म्हणाली, "चहा नंतर. आधी चार्ट वाच."

आक्काच्या रकान्यात मंगळवारी सकाळी 'नाही' होते, संध्याकाळी 'नाही'. बुधवारी सकाळी 'नाही', संध्याकाळी 'नाही'. मालू तिला डॉक्टरांकडे नेऊन आली होती; ताप नव्हता, दात ठीक, पोट ठीक. शेऱ्यात लिहिले होते: 'दोन्ही दिवस पूर्ण वेळ आयसोलेशनच्या दारासमोर बसून. उठवले तरी परत येते. फुत्कार शून्य.' दोन दिवस उपाशी असलेल्या म्हातारीच्या अंगात फुत्कारण्याचे त्राण उरले नसेल, असा मी त्याचा अर्थ लावला.

सलग दोन दिवस. अट माझी होती.

मालूने साबिहाला फोनही करून टाकला होता. साबिहा उद्या सकाळी येऊन उरणकरणीला शिरढोणला नेणार होती. टेबलावर औषधाची बाटली होती, आणि शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद: सकाळी एक थेंब, दुपारी एक, रात्री एक, डोके असे धरावे. राखणदाराला वाचता येते की नाही ठाऊक नाही, म्हणून बाजूला चित्रही काढले होते. मालूला चित्रकला येत नाही. चित्रातले मांजर सशासारखे दिसत होते.

तीन दिवस घरात ती एकटी होती. आक्काची ताटली बाळूपुढे सरकवायची आणि रकान्यात 'खाल्ले' लिहायचे, एवढेच करायचे होते. मी तिला तसे बोलून दाखवले. "तू लिहिलं नसतंस तर मला कळलं नसतं, मालू."

"चार्टला कळलं असतं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

त्या संध्याकाळी मी अट मागे घेऊ पाहिली. तिने ऐकून घेतले नाही. आक्का या घरात आधी आली होती, आणि आजारी माणसाच्या जिवावर दुसरा पेशंट ठेवायचा नसतो, असे तिचे म्हणणे होते. समोर आक्काची ताटली भरलेली होती.

०

आता शेवटचा किस्सा.

साबिहा सकाळी साडेदहाला आली. तीच जाळीच्या दाराची बास्केट तिने दिवाणखान्याच्या मधोमध ठेवली आणि तिचे दार उघडले. आक्काबद्दल इथे एक सांगायला हवे. तिला वर्षातून एकदा लस टोचायला न्यावे लागते, आणि बास्केटमध्ये घालायला दोन माणसे, एक जाड टॉवेल आणि पाऊण तास लागतो. बास्केट दिसली की ती कपाटावर चढते. त्या दिवशीही चढली.

मालूने उरणकरणीला टॉवेलात गुंडाळून बाहेर आणले आणि आत ठेवले. उरणकरीण मागच्या कोपऱ्यात सरकून बसली, ओरडली नाही. मालू साबिहाला डोके कसे धरायचे ते दाखवत होती. स्वतःच्याच मुठीवर, ती मांजराचे डोके समजून. बाळू दाराच्या फटीत पेनाचे टोपण शोधत होता.

कपाटावरून आक्का उतरली. आधी खुर्चीवर, मग जमिनीवर. सावकाश, सांधे दुखणारे माणूस जिना उतरते तशी. बास्केटसमोर ती थांबली. मालूने बोलणे थांबवले. साबिहाने पुढे केलेला हात मालूने न बघता धरून ठेवला. कुणी मध्ये बोलले नाही.

आक्का आत गेली. एकदा स्वतःभोवती फिरली आणि उरणकरणीच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूला, तिला टेकून बसली. मग आमच्याकडे पाहत राहिली.

साबिहा मला हळूच म्हणाली, "मॅडम, शिरढोणला काय कळवू? एक येतेय की दोन?"

मालू उठली. आक्काची भरलेली ताटली तिने आणून बास्केटच्या दारात ठेवली आणि मागे सरकली. आतून खाण्याचा आवाज येऊ लागल्यावर तिने भिंतीवरचे घड्याळ पाहिले, दारावरचा चार्ट काढला आणि लिहिले: 'दहा वाजून बावन्न. आक्का स्वतःहून बास्केटमध्ये. अन्न घेतले.' खाली सही केली.

मग साक्षीदाराची जागा आखली, आणि नेहमीप्रमाणे चार्ट दारावर अडकवायला वळली.

"इकडे आण," मी म्हणाले. "पेन्सिलही."