मला सर्दी नव्हती

"मॅडमना सर्दी झालीय. त्यांचं वेगळ्या प्लेटीत वाढा."

साहेब वेटरला म्हणाले. माझ्याकडं न बघता. आवाज एकदम मऊ, लोण्यात बुडवून काढलेला.

मला सर्दी नव्हती.

मला सर्दी होतच नाही. आमच्या घराण्यातली शेवटची शिंक माझ्या आजोबांनी दिली आणि ती तीन गावं पलीकडं ऐकू गेली. त्यानंतर आमची नाकं कोरडी ठणठणीत. पण टेबलावरचे सगळे माझ्या नाकाकडं असं बघायला लागले, जणू तिथनंच पंचगंगेला पूर येतो.

"व्हय की, सकाळधरनं शिंकायलीय," नीता म्हणाली.

नीता. ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी. रोज दुपारी माझ्या डब्यातला खर्डा बोटानं पुसून खाणारी. तिनं माझ्या नाकात शिंक घातली. चटकन. कुणी न सांगता.

वेटरनं प्लेट आणली. चटणी देतात तेवढीच. तिच्यावर दोन चिकन लॉलीपॉप ठेवली आणि मधली मोठी थाळी, ज्यात आत्ता आत्तापर्यंत आम्हा सगळ्यांचे हात एकमेकांवर आपटत होते, ती माझ्यापासनं लांब सरकली. कुणी सरकवली दिसलं नाही. ट्रॅक्टर विकणाऱ्या लोकांना एवढी अलगद वस्तू सरकवता येते हे मला त्या दिवशी कळलं.

ही दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. कोल्हापुरात हायवेला एक परमिट रूम होती. मालकानं भिंतीवर फुटबॉल रंगवला, आठ-दहा टीव्ही टांगले, वेटरांना टी-शर्ट घातले आणि बाहेर पाटी लावली, 'स्पोर्ट्स बार'. शनिवारी संध्याकाळी तिथं क्रिकेटची क्विझ व्हायची. एकेका टेबलाचा एक संघ, टेबलाशी टेबल भिडायचं. कुठल्यातरी कॉलेजातला एक पोरगा माइक घेऊन प्रश्न विचारायचा, अर्धे इंग्रजीत, अर्धे कोल्हापुरीत. मी आईला सांगितलं, स्पोर्ट्सला चाललेय. आईनं पिशवीत टॉवेल आणि ग्लुकोजचा पुडा टाकला.

मी एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये तात्पुरती लागले होते. आई एका मेसमध्ये भाकऱ्या थापायची. इतक्या, की एकावर एक ठेवल्या असत्या तर जोतिबाच्या डोंगराला खालनं वर बघायला लागलं असतं. तिचे तळवे तव्यासारखे झाले होते, गरम भांडं ती चिमट्याशिवाय उचलायची. मी कायम झाले की तिनं मेस सोडायची, असं आमचं ठरलं होतं. आणि साहेब तोंडानं म्हणाले होते, "शनवारची क्विझ जिंकून दे. सोमवारी तुला कायम करून टाकतो. सगळ्या डीलरांसमोर माझी कॉलर ताठ झाली पायजे."

क्रिकेट मला कसं काय येत होतं? गडहिंग्लजजवळच्या आमच्या वस्तीत एकच रेडिओ होता, तो आमचा. मॅच असली की अख्खी वस्ती आमच्या दारात. मला चालता यायच्या आधी एलबीडब्ल्यू समजत होता. शाळेत सर पाढे म्हणायला लावायचे, मी चुकून स्कोअर म्हणायचे.

साहेबांना हे कळलं आणि मी त्यांची लाडकी झाले. दुसरंही कारण होतं. माझं आडनाव.

माझं आडनाव दोन्हीकडं चालतं. आमच्या वस्तीतही, गावच्या पाटलांच्यातही. साहेबांनी ते ऐकलं आणि परस्पर ठरवून टाकलं, "आपल्यातलीच हाय." मला कुणी विचारलं नाही. मी लपवलंही नव्हतं. पहिल्याच दिवशी टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली होती, ध्यानाला बसलेली. तेव्हा कोल्हापुरात फेंगशुईचं खूळ नुकतं आलं होतं. साहेब म्हणाले, "व्वा, लक्कीय हे!" मग ट्रॅक्टरची डिलिव्हरी असली की येऊन मूर्तीच्या पोटाला हात लावायचे. आमच्या बुद्धाला पोट नव्हतं, सरळ सडपातळ बसलेला. तरी चोळायचे. मी एकदा म्हटलं, "साहेब, हा तो हसरा न्हवं. हा बुद्ध हाय, आमचा." साहेब म्हणाले, "असूंदे की, कुठलाबी असला तरी गुण आल्याशी मतलब."

माणसाला जे ऐकायचं नसतं ते त्याच्या कानावर हातोड्यानं मारलं तरी आत जात नाही.

एवढ्यावर थांबले असते तर बरं. साहेबांनी मला स्थळ आणलं. वारणानगरचा पोरगा, त्यांच्या बायकोच्या नात्यातला, डेअरीत नोकरीला. "आपलीच पोरगी आपल्यातच ऱ्हावी," म्हणाले. मी हसून "आईला विचारतो" म्हटलं. आईला विचारलंच नाही, तिनं हसून हसून मेसचं पीठ सांडलं असतं.

त्या शनिवारी टेबलावर साहेब, नीता, वर्कशॉपची दोन पोरं, मी आणि तात्या. तात्या म्हणजे पेठ वडगावचे बडे गिऱ्हाईक. घरात तीन ट्रॅक्टर, चौथा घ्यायच्या विचारात. म्हणून साहेबांनी त्यांना मानानं आणलेलं. तात्यांना क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. प्रत्येक प्रश्नाला ते "ह्यो सोपा हाय" म्हणायचे आणि मसाला पापड खायचे. दोनदा तर मीच मोडून त्यांच्या हातात दिला.

पहिल्या फेरीत आम्ही पुढं होतो. थाळी आली. सगळे तुटून पडले. माझी बोटं तात्यांच्या बोटांना लागत होती, तेव्हा काहीच झालं नाही. वीज पडली नाही. तात्यांना फोड आले नाहीत. उलट खूश होऊन त्यांनी विचारलं,

"हुशार हाईस गं पोरी. गाव कुठलं म्हणायचं?"

गाव सांगितलं.

"आणि आडनाव?"

तेही सांगितलं.

"आगं, मग आमची पावणीच की तू! आमची थोरली तिथंच दिलीया. कुणापैकी तू? चावडीजवळच्या का मळ्यातल्या?"

कुणापैकी. कोल्हापुरात माणूस मेला तरी सरणावरनं उठवून हे विचारतील.

"दोन्हीकडची न्हाय, तात्या. बौद्ध वस्तीतली. आम्ही बौद्ध."

साहेबांच्या तोंडातलं लॉलीपॉप तोंडातच राहिलं. हाड बाहेर, गाल फुगलेला.

तात्या म्हणाले, "असं व्हय. बरं बरं. चांगलं हाय की. शिकलंच पायजे तुमच्यातल्यांनी."

आणि कागदी रुमालानं हात पुसले. एकेक बोट. मग दुसरा रुमाल घेऊन परत.

मग साहेबांना माझी सर्दी दिसली.

खरं सांगू? आमच्या गावात निदान तोंडावर सांगायचे. लांब हो, हात लावू नको, वरनं ओततो. शिवी असायची, पण ती शिवी आहे हे कळायचं. तिच्यावर दगड तरी उचलता यायचा. हे शहरातलं नवीन होतं. इथं जात काढत नव्हते. इथं औषधपाणी करत होते. काळजी घेत होते माझी!

मी काय केलं? गप्प बसले. हो. सोमवार डोळ्यापुढं होता, आईचे तळवे डोळ्यापुढं होते. त्या चटणीच्या प्लेटीतलं काही खाल्लं नाही, पण उठलेही नाही.

दुसरी फेरी सुरू झाली. प्रश्न आला की पाचही डोकी माझ्याकडं वाकायची.

"सांग की, लवकर!"

"हळू सांग, पलीकडचे ऐकतील. कानात सांग."

मी साहेबांच्या कानात सांगायचे. नीताच्या कानात सांगायचे. माझा श्वास त्यांच्या कानात, केसांत, गालावर. एकदा तर तात्यांनीही कान पुढं केला! तेव्हा सर्दी लागत नव्हती. उत्तर माझ्या तोंडातनं निघून त्यांच्या कानात गेलेलं चालत होतं. लॉलीपॉप त्यांच्या थाळीतनं माझ्या हातात आलेलं चालत नव्हतं.

हे माझ्या टाळक्यात एकदम उजाडलं. हळूहळू नाही. धाडकन. डोकं पाहिजे, हात नको. माझे दोन तुकडे करून त्यातला एक टेबलावर घेतला होता आणि दुसरा टेबलाखाली टाकला होता.

शेवटी बरोबरी झाली. आम्ही आणि पलीकडचं दुसऱ्या डीलरचं टेबल. माइकवाला ओरडला, "एकेक गडी पुढं या! एकच प्रश्न! ज्याला आला त्याचा कप!"

साहेबांनी टेबल बडवलं. "जा! आमची वाघीण! जा, मार छक्का!"

वाघीण. दहा मिनिटांपूर्वी सर्दी.

मी पुढं गेले. अख्खा बार बघत होता. प्रश्न एका फास्ट बॉलरचा होता. प्रश्न पुरा व्हायच्या आत मला उत्तर आलं होतं. पलीकडचा गडी डोकं खाजवत होता, त्याला जन्मात येणार नव्हतं. साहेब लांबनं मूठ दाखवत होते. तोंड तेलानं चमकत होतं.

मी माइक घेतला.

"उत्तर येतंय. सांगणार न्हाय."

माइकवाला हसला. "मॅडम, येत नसलं की 'पास' म्हणायचं असतंय."

"पास न्हाय. येतंय. देत न्हाय."

बारभर हशा. कुणीतरी शिट्टी मारली. "का ओ पावणं, मौनाचा उपास हाय का?"

"आमच्या टेबलावर माझं डोकं चालतंय, माझा हात चालत न्हाय. मी बौद्ध हाय म्हटल्यावर माझी प्लेट येगळी केली. आणि मला सर्दी झालीय म्हणून सांगितलं. ज्यांनी प्लेट येगळी केली, त्यांनी उत्तरबी आपलं आपलं शोधावं."

आता माझी सवय बघता तुम्हाला वाटेल, ही सांगणार की टीव्हीवरचा बॅट्समन थबकला, बार उठून उभा राहिला, टाळ्यांनी छत उडालं. नाही. एक टाळी पडली नाही. माइकवाल्यानं माझ्या हातातनं माइक काढून घेतला आणि म्हणाला, "चला, पुढच्या शनवारी भेटूया." माझं उत्तर बाद धरून कप पलीकडच्या टेबलाला गेला. तिथला एकजण मोठ्यानं म्हणाला, "ह्यांचं सगळीकडं हेच." बाकीचे मान हलवत ग्लासात बघत बसले. ते मी वाढवून सांगत नाही. त्यात वाढवण्यासारखं काही नव्हतं.

मी टेबलाशी परत आले. मोठ्या थाळीत हात घातला. पुरा, मनगटापर्यंत. एक लॉलीपॉप उचललं आणि उभ्यानंच खाल्लं. पाचही खुर्च्या मागं सरकल्या. थाळीला कुणी हात लावेना. अर्धी भरलेली होती.

मी वेटरला हाक मारली. "पार्सल करा."

नीता पुटपुटली, "असं काय करालीयास गं?"

मी म्हटलं, "तुला लागंल, लांब हो."

आईनं पार्सल बघितलं. "जिंकलीस व्हय?"

मी सगळं सांगितलं. ती खाता खाता थांबली. मला वाटलं शिव्या घालेल, साहेबांना नाहीतर मला. तिनं एवढंच विचारलं, "मग सोमवारचं?"

"काय न्हाय आता."

तिनं स्वतःचे तळवे उलटेपालटे करून बघितले. "थापीन की आणि. अजून लई थापतील हे."

मला तेव्हा राग आला. बारमध्ये आला नव्हता तेवढा. साहेबांचा नाही. आईच्या त्या तयारीचा. सगळं सोसायला हात पुढं करून बसलेली ती तयारी. तिच्या आईकडनं तिला आलेली, आणि थोडी मलाही आलेली. नाहीतर दुसऱ्या फेरीपर्यंत मी कानात उत्तरं कशाला सांगत बसले असते?

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं.

"तात्या लई दुखावल्यात. एक फोन लाव, चूक झाली म्हण. मी आत्ता हितंच कायम करतो तुला. जातबित आम्ही मानत न्हाय, तुला म्हाईताय."

"मग सर्दी कुणाला झालती, साहेब?"

"हे बघ. आपण सगळे एकत्र जेवत हुतो. जात तू मधी आणलीस."

मी. जात मी आणली! पिशवीत टॉवेलाखाली घालून नेली असणार.

फोन त्यांनी माझ्यापुढं सरकवला. तात्यांचा नंबर लावून, स्पीकर चालू करून. पलीकडं रिंग वाजत होती, ती ऐकू येत होती. तात्यांनी उचलला. "हां, बोला?"

मी रिसीव्हर उचलला आणि म्हटलं, "तात्या, शनवारी तुम्ही माझ्या हातानं दोनदा मसाला पापड खाल्लासा. कळवायचं राहिलं हुतं." आणि ठेवला.

त्या दिवशी नोकरी गेली. पुढं वरीसभर कोल्हापुरातल्या एकाही शोरूमनं मला आत घेतलं नाही. आई भाकऱ्या थापत राहिली. हे मी गोड करून सांगणार नाही आणि कुणी मला शाबासकी देऊ नये. शाबासकीनं तवा गार होत नाही.

त्या फास्ट बॉलरचं नाव मला आजही येतं. बरेचजण विचारतात, सांग की आता, काय बिघडतंय. सांगणार नाही. तुम्हालाही नाही.

माझं डोकं सुटं मिळत नाही. ते माझ्या हातासकट, तोंडासकट, वस्तीसकट, आईच्या करपलेल्या तळव्यांसकट मिळतं. घ्यायचं तर सगळं घ्या, समोर बसवून घ्या. नाहीतर माझं नखसुद्धा तुमच्या कामाला येणार नाही. आणि मी गुपचूप उठूनही जाणार नाही. माइक हातात घेईन, नाव घेऊन सांगेन, आणि तुम्ही हरेपर्यंत तिथंच उभी राहीन.