आईच्या बाजूची

आई मंगळवारी सकाळी गेली. शुक्रवारी तिच्या थुंकीचा निकाल आला.

नळी तिने दोन महिन्यांपूर्वी भरून दिली होती. आमच्या रक्ताचे लोक कुठे कुठे पसरलेत ते पाहावं, म्हणून मी डीएनए तपासणीचे दोन संच मागवले होते, एक तिच्यासाठी, एक माझ्यासाठी. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या स्वयंपाकघरात, चहाच्या आधी, ती नळीत थुंकत होती. मध्येच थांबून म्हणाली, "लोकं रस्त्यात फुकट थुंकतात. तू पैसे भरून थुंकायला लावतेस."

तेराव्याला मामा चामटोलीहून माझ्यासाठी दुखवट्याची साडी घेऊन आला. आईचं ते एकच भावंड. जेवून निघताना म्हणाला, "आयशी गेली म्हनून आजोळ तोडू नको बाय. येत जा." मी हो म्हटलं. निकाल त्यानंतर उघडला. ज्यांच्याशी डीएनए जुळतो त्यांची एक यादी माझी, एक आईची.

बाबा वीस वर्षांपूर्वीच गेले, त्यांची नळी मिळणार नव्हती. अशा वेळी वजाबाकी करतात. माझ्या यादीतला जो माणूस आईच्याही यादीत सापडतो तो आईच्या बाजूचा. सापडत नाही तो बाबांच्या. संकेतस्थळ हे आपणहून करतं आणि प्रत्येक नावासमोर बाजू लिहून ठेवतं. मी उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. एका पुस्तकाला एकच जागा, या हिशेबात माझी तीस वर्षं गेली आहेत, त्यामुळे ही मांडणी मला पटली.

यादीत बहुतेक दूरचे लोक होते. आईच्या नावाखाली मात्र एक बाई होती, सख्ख्या मामे किंवा आते बहिणीइतकी जवळची. राहणार नेदरलँड्स. तिचा निरोप आधीच येऊन पडला होता. तिला तान्हेपणी दत्तक दिलं होतं. कागदावर गाव उल्हासनगर, आईबापांच्या जागी रेघ. वय माझ्याहून चार वर्षांनी कमी, म्हणजे बावन्न. तिने एवढंच विचारलं होतं, की मी तुमच्या आईच्या बाजूची आहे की वडिलांच्या?

तिच्या नावासमोर आईची बाजू लिहिलेली होती. मी त्याच संध्याकाळी कळवलं, आईच्या. मग लक्षात आलं, की आईच्या बाजूला मामाशिवाय कोणी नव्हतं.

पुढच्या रविवारी चामटोलीला गेले. मामा ओट्यावर बसला होता, मामी आत वाल सोलत होती. मामाला कमी ऐकू येतं, त्यामुळे त्याला खाजगी काही सांगता येत नाही. मी जवळ जाऊन हळू आवाजात सुरुवात केली.

"कोन बाई?" तो म्हणाला.

"परदेशातली. तपासणीत आपली निघाली."

"कोनाची निघाली?"

"आईच्या बाजूची! म्हणजे तुमची, मामा! तुमची मुलगी!"

आतला आवाज थांबला. मामी वालाची परात घेऊनच दारात आली. "काय गो? कोनाची पोर?"

मामाने तिच्याकडे पाहिलं नाही. मला विचारलं, "साल काय तिचं?" मी सांगितलं. तो "हां" म्हणाला आणि अंगणाकडे बघत राहिला.

"हां काय हां?" मामी म्हणाली. "आपल्या लग्नाचं साल ते! म्हातारपनी बारसं आलंय, पेढं वाटा आता गावात."

"नाय म्हणा ना, मामा," मी म्हटलं.

तो नाही म्हणाला नाही. मी ते कबुली म्हणून घेतलं. मामीनेही.

त्याच आठवड्यात मामी सोनिवलीला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेली आणि परत येणार नाही म्हणाली. मुलाचा मला फोन आला. "ताई, तू पढीलिखी आहेस ना? बाबा अठ्ठ्याहत्तरचा आहे. तो तिकडे एकटा भात शिजवतोय, आई इथे रडते. कशाला लफडा काढलास? तुला रिझल्ट आला तर कपाटात ठेवायचा."

मी पुन्हा यादी काढून बसले, निदान जे बोलले ते तरी पक्कं असावं म्हणून. संकेतस्थळ बाजूबरोबर आकडाही देतं, दोन माणसांचं किती जुळतं याचा. तो मी आधी फक्त माझ्या रांगेत पाहिला होता. आता आईच्या रांगेतला पाहिला. ती बाई आईशी जेवढी जुळत होती, त्याच्या दुपटीहून जास्त माझ्याशी जुळत होती.

मामाची मुलगी म्हणजे आईची सख्खी भाची. तिचं आईशी जास्त जुळायला हवं, माझ्याशी कमी. आईकडे जे नव्हतं ते आईकडून मला येणार कसं? ते बाबांकडून आलं होतं.

मग ती आईच्या यादीत कशी, याचं उत्तर मला लहानपणापासून ठाऊक होतं. बाबांनी आपल्या मामाची मुलगी केली होती, म्हणजे आई. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, आणि आईचे वडील सख्खी भावंडं. आईची सासू तिची आत्याच होती. आमच्याकडे हे सांगायचीसुद्धा गोष्ट नाही. मामाची मुलगी दुसऱ्या घराण्याची, देवक वेगळं, म्हणून सोयरीक चालते. मीही तशीच दोन घराणी मोजली. रक्त एकच होतं, आणि बाबांकडचं जवळचं माणूस आईच्या यादीतही थोडंफार येणारच होतं.

बाबांना एकच बहीण होती, भाऊ नव्हता. आत्याने लग्न केलं नाही. उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कारखान्यात ती शिवणकाम करायची. शेठ तिला अदी म्हणायचा, बहीण. ती आमच्याच घरी राहिली आणि सहा वर्षांपूर्वी वारली. मी चार वर्षांची असताना ती बरेच महिने घरी नव्हती. हवापालटाला चामटोलीला गेली आहे, असं सांगितलं होतं.

मी सोनिवलीहून मामीला रिक्षात घालून चामटोलीला नेलं. ओट्यावर मी सगळं सांगितलं, मामाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आत्याचं नावही घेतलं.

मामाचा चेहरा उतरला. "तिला सबूद दिलेला मी," तो म्हणाला. "तुझी आयशी, बाप आनि मी, तिघांनाच ठाव होतं. ती गेली तरी पाळला. तू वरडून सांगितलास."

"मामा, पण तुमच्यावर आळ आला होता."

"आला तर आला. मी किती दिवसांचा? तिच्यावर यायला नको होता."

"आनि माझं?" मामी म्हणाली. "मी तिकडं पोराच्या घरात तोंड लपवून बसले, त्याचं काय?"

मग ती आत गेली. चूल विझलेली होती. ती पेटवल्याचा वास आला. मला कोणी थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी निघाले.

त्या बाईला मी दुरुस्ती कळवली, बाजू चुकली होती, वडिलांची आहे. आत्याचा एक फोटो पाठवला, कारखान्यात मशीनवर बसलेला. तिने लिहिलं, की तिचा अंगठाही असाच मागे वळतो. आम्ही आता महिन्यातून एकदा बोलतो. मी आत्याबद्दल आठवेल ते सांगते, ती लिहून घेते.

मामी चामटोलीलाच आहे. मी फोन केला की ती उचलते, तब्येत विचारते. मामाला दे म्हटलं की त्याला ऐकू येत नाही म्हणते. मागच्या बाजूला त्याचं कोणाशी तरी बोलणं चाललेलं असतं.