दहा चाकांचा बैल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा सांगायला लागलो की मध्ये कुणी हसलेलं मला खपत नाही. गाढवपणा माझाच होता, कबूल! पण त्यावर अख्ख्या हिवरखेडनं माझं जे केलं, ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

छप्पन्न-सत्तावन्न सालची गोष्ट. मी तेव्हा अकोटला राहायचो आणि माझ्याकडे ट्रक होता. साधासुधा नव्हे! लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेला, अमेरिकन, दहा चाकी, स्टिअरिंग डाव्या अंगाला. दहाच्या दहा चाकांना इंजिनाचा जोर. पुढच्या बंपरला विंच, म्हणजे पोलादी दोराचा रहाट. दोर झाडाला बांधायचा आणि ट्रकनं स्वतःच स्वतःला चिखलातून ओढून काढायचं. आहे कुणाच्या बैलात ही अक्कल?

आता पार्ट मिळत नसत, हे खरं. मी आणि गफूरभाई मिस्त्री अमरावती-अकोल्याचं भंगार उपसत फिरायचो. गॅस्केट पुठ्ठ्याचं कापायचो. ट्रकमध्ये मूळचं अमेरिकन असं काय उरलं होतं, तर हॉर्न आणि माझा तोरा.

नुकतीच आठवड्याभरापूर्वी ट्रकमागे जोडायला एक डॉली घेतली होती. तीही लष्करीच. बुटकी, चार चाकांची, जड ओझ्यासाठी केलेली. थांबलो की तिच्या चाकांखाली दोन दगड सरकवायचे आणि निघताना काढायचे, ही गफूरभाईंची पद्धत. हे दगड लक्षात ठेवा.

हिवरखेड माझी सासुरवाडी. माझे सासरे, मामाजी, यांच्या बारा बैलगाड्या. तिथल्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, कापसाच्या गाठी अकोल्याला न्यायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्या गाड्यांकडे. त्या वर्षी जिनाच्या शेठनं नवा बॉयलर घेतला आणि मला म्हणाला, "पोळ्याच्या सांजेपर्यंत बॉयलर जिनात आणून ठेवला, तर यंदाच्या गाठी तुझ्या ट्रकाले. नाई तर मामाजीच्या गाड्या हायेतच." दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलर बसवणारी माणसं येणार होती.

मी काय करावं? गप्प बसावं? छे! सासुरवाडीच्या भरल्या ओसरीवर, बायकोसमोर, मामाजींना म्हणालो, "मामाजी, आता बैलं फक्त पोळ्यापुरते ठेवा. सजवाले!"

मामाजी सुपारी कातरत होते. "पाहू," एवढंच म्हणाले. त्या एका शब्दानं माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अकोल्याहून अकोटपर्यंत बॉयलर डॉलीवरून फुलासारखा आणला. पोळ्याच्या सकाळी गफूरभाई चहाला गेले आणि मला कल्पना सुचली. लोक बैल सजवतात ना? मग माझा बैल काय ओकाबोका जाईल? बंपरला गेरू फासला. बॉनेटवर झूल घातली. रेडिएटरला घुंगरांची माळ. बॉयलरभोवती आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं भरगच्च तोरण! एक टोक कडीला बांधलं, पण दुसऱ्याला जागा मिळेना. तेवढ्यात डॉलीच्या कडेला एक लोखंडी दांडी आडवी पडलेली दिसली. वर ओढली, तर कट-कट-कट करत सरळ उभी राहिली. वा! जणू तोरणासाठीच केली होती. सुतळीच्या तीन गाठी मारल्या आणि ती दांडी झेंडूत पार बुडवून टाकली.

गफूरभाईंनी येऊन दगड काढले आणि आम्ही निघालो.

निघालो म्हणजे काय! ट्रक कण्हायला लागला. पहिल्या गिअरच्या वर जाईना. दोन मैलांत पाणी उकळलं.

"गफूरभाई, तुमी काल कार्बोरेटर उघडला होता. काय करून ठेवलं?"

"भाऊ, कार्बोरेटर एकदम साफ हाय. कसम से."

"मंग पेट्रोलात रॉकेल हाय!"

"तुमीच तर भरलं पेट्रोल."

उलट उत्तर! मी त्यांना भर रस्त्यात कार्बोरेटर पुन्हा उघडायला लावला. प्लग काढायला लावले. पंपवाल्याला, रस्ता करणाऱ्याला आणि अमेरिकेला शिव्या घातल्या. बाजूनं गावाकडे जाणारी एक म्हातारी थांबली, झूल घातलेल्या बॉनेटकडे बघून म्हणाली, "बाप्पा, आजच्या दिवशी कायले तरास देता त्याले?" आणि चालायला लागली. सांगा, संताप येणार नाही तर काय?

दुपार कलली तेव्हा कसेबसे हिवरखेडच्या अलीकडच्या नाल्याशी पोचलो. पलीकडे चढ, काळी माती, दोन दिवसांचा पाऊस मुरलेला. ट्रक अर्ध्या चढावर गेला आणि अडला. दहाही चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. माझ्या झेंडूवर चिखल उडाला.

"विंच लावा!" मी ओरडलो.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक जुनी बाभूळ होती. तिला दोर बांधला, रहाट सुरू केला. दोर ताणला, ट्रक थरथरला आणि काहीतरी हललं. ट्रक नव्हे! बाभूळ मुळासकट उन्मळून आमच्या दिशेनं सरपटत आली.

"भाऊ," गफूरभाई हळूच म्हणाले, "ही बाभूळ मामाजीच्या धुऱ्याची हाय."

एव्हाना घुंगरांचे आवाज ऐकू येत होते. गावाचे बैल पोळ्याच्या मैदानाकडे निघाले होते आणि त्यांच्याबरोबरचे निम्मे लोक तमाशा बघायला नाल्यावर आले. सगळ्यांत पुढे मामाजी, आपली पांढरी जोडी घेऊन. शिंगं रंगवलेली, अंगावर नवी झूल.

सूर्य खाली चालला होता. गाठींचं काम हातचं जात होतं. लाज गिळली आणि त्यांच्यापुढे गेलो.

"मामाजी, चार जोड्या लावून द्या ना. एक डाव ओढलं की निंघते."

मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांची जमीन मागितली असती तर परवडलं असतं.

"जावाईबापू, आज पोया हाय पोया! काल खांद्याले हयद-लोणी लावून त्याइले जेवाचं आवतन देल्लं. आज त्याच खांद्यावर जू ठेवू?"

"अहो, पण मायी वर्षाची कमाई..."

"तुमचाई बैलच हाय ना? सजवला बी चांगला हाय. मंग त्याले काहून जुपला आज?"

लोक खदाखदा हसले. मी संतापानं लाल! म्हणालो, बैल नका देऊ, पण अक्कल शिकवू नका. हा ट्रक आहे, यातलं तुम्हाला काय कळतं?

मामाजींनी जोडी दुसऱ्याच्या हाती दिली आणि ट्रककडे न जाता डॉलीच्या मागे, आम्ही आलो त्या वाटेनं, खाली बघत चालत गेले. वीसेक पावलं गेले, वाकले, चिखलात बोट फिरवलं आणि परत आले.

"इंजिनाचं मले नाई समजत. पण चाकोरी समजते. तुमच्या ट्रकाच्या टायराचे ठसे उमटले हायेत. या मागच्या गाडीचे ठसेच नाईत. नुसता घासल्याचा पट्टा हाय, थेट नाल्यापासून. जावाईबापू, मागचे चाकं फिरूनच नाई राहिले!"

मग त्यांनी झेंडूत हात घातला. "आन् हे लोखंडाचं काय उभं केलं?"

"तोरण बांधाची दांडी हाय ते!" मी ठणकावून सांगितलं.

गफूरभाई पुढे आले. फुलं बाजूला सारून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. सबंध दिवसाच्या शिव्या खाल्लेला माणूस. पण शब्द जपून वापरले.

"भाऊ, हा डॉलीचा ब्रेक हाय. आपून दगडं लावतो, म्हून कधी हात नाई लावला याले. कोनं वढला?"

कोणी ओढला! तीन गाठी कुणाच्या होत्या, ते मला ठाऊक होतं. मामाजींनी त्या सगळ्या गावादेखत एकेक करून सोडल्या. अगदी सावकाश. मला वाटतं, मुद्दामच. गफूरभाईंनी दांडी खाली पाडली, बाभळीचा दोर सोडून तिला बाजूला सारलं, मी गिअर टाकला आणि ट्रक त्या चढावरून असा वर गेला, जणू काही झालंच नव्हतं. हॉर्न वाजवायची हिंमत झाली नाही.

दिवस मावळायच्या आत बॉयलर जिनात उतरला. शेठनं शब्द पाळला, गाठी मला दिल्या. पण अट घातली: "ट्रक तू चालव. डॉलीवर मामाजीले बशीव." हा अपमान नाही? आणि मामाजी पूर्ण हंगामभर बसले हो! दर फर्लांगाला मागून ओरडायचे, "फिरून राहिले, फिरून राहिले!"

तेही सोसलं असतं. पण पोळ्याच्या मैदानात झडत्या म्हणतात ना, तोरणाखाली उभं राहून एकेकाची टोपी उडवणारी गाणी? त्या संध्याकाळी मी पोचेपर्यंत माझ्यावरची तयार होती:

दहा चाकाचा ट्रक, त्याचा लय मोठा डौल,
ब्रेकाले तोरण बांधून जावाई मांगते बैल!
हर हर महादेव!

तडक सासऱ्याच्या घरी गेलो. म्हटलं, निदान बायको तरी दोन शब्द बरे बोलेल. ती ओसरीवर आमच्या वर्षाच्या पोराला मांडीवर थोपटत बसली होती, काहीतरी गुणगुणत. कान देऊन ऐकलं. तीच झडती, माझ्याआधी घरी पोचलेली! मला पाहून थांबली? छे! मान डोलावत 'हर हर महादेव'पर्यंत पूर्ण केली. पोरगं खुशाल झोपलं, आणि पुढे महिनाभर दुसऱ्या कशानं झोपेना.

मग पोरगं बोलायला लागलं. मुलाचा पहिला शब्द 'बाबा' असतो, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटत होतं. आमचं कार्टं माझ्याकडे बोट दाखवून 'बेक' म्हणालं!